तुकडं पाडणारे म्हात्रेकाका

अलिबागजवळच्या आमच्या थळला तिकीट काढून बसावं अशी एकही रेल्वेगाडी येत नाही. खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, पण त्यावरून मालगाडी जाते आणि ती माणसं घेत नाही. तरीही भारतात कुठूनही कुठंही स्वस्तात कसं जावं हे विचारायला अख्खं गाव माझ्या शेजारी, म्हात्रेकाकांच्या पडवीत येतं. काका त्याच कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर झोपाळ्यावर बसून असतात; मांडीवर जुनं वेळापत्रक, हातात मोबाईल.

"थेट तिकीट काढू नको रं. तुकडं पाड!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

म्हणजे रात्रीपुरतं स्लीपर घ्यायचं, उजाडलं की उतरायचं आणि पुढं जनरलनं जायचं. "उजेडात झोपायला पैसं कशाला?" असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. गेल्या वर्षी मी आणि बायको त्यांच्या सल्ल्यानं नागपूरला गेलो. भुसावळला पहाटे उतरलो, चार तास फलाटावर काढले, मग अकोला, मग आणखी एक गाडी. वाचले त्याच्या दुप्पट पैसे चहा-वड्यात गेले. बायको परतीच्या प्रवासात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी हे सगळं काकांना रागारागानं सांगितलं, तर म्हणाले, "खायचा खर्च तिकिटात धरायचा नसतो."

असा हा चिकट माणूस. पण दर उन्हाळ्यात स्वतःसाठी एक प्रवास आखायचा, तो जबलपूरचा. त्यांची एकुलती एक वैशाली तिथं असते. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि काका त्या लग्नाला गेले नाहीत. काकी वारल्यापासून घरात एकटेच. पांढरा कांदा बाजारात आला की एक चांगली माळ निवडायची, "पोरीकडं जातो" म्हणून निघायचं आणि तिसऱ्या दिवशी परत यायचं. एवढ्या लवकर का, तर जास्त राहिलं की लेकीच्या घरी खर्च करावा लागतो, असं आम्ही आपसात म्हणायचो आणि हसायचो.

यंदा ते परतताना मला अलिबागच्या एसटी स्टँडवर भेटले. कांद्याची माळ हातातच होती.

"काका, वैशालीला दिली नाही?"

त्यांनी माळ पाठीमागं धरली. मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. अर्धा चहा संपल्यावर म्हणाले, "भुसावळवरनं फिरलो."

"गाडी चुकली?"

"न्हाय. समोर उभी होती."

"मग?"

"पुढचं तिकीटच काढलं न्हाय. दर साली असंच होतं. एका साली इटारशीपर्यंत गेलो होतो." त्यांनी बशी उगाच सरळ केली. "तुकडं असलं की मधनं फिरता येतं, संदीप. थेट तिकीट काढलं तर तिच्या दारात जावं लागंल. लग्नाला गेलो न्हाय मी. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"ती या म्हणत नाही का?"

"दर दिवाळीला म्हणते. नातू पन बोलतो. आजोबा, कब आओगे, म्हणतो."

आम्ही इतकी वर्षं या माणसाच्या कंजूषपणावर हसलो याची मला लाज वाटली. वर्षभर गावाला वाटा दाखवायच्या आणि आपल्या लेकीकडं जायची हिंमत भुसावळलाच संपायची. किती ओढ असेल, आणि किती भीती.

मी मोबाईल काढला. कल्याण ते जबलपूर, एकच गाडी, एकच तिकीट.

"काका, मी येतो सोबत. दोन काढू?"

त्यांनी चष्मा वर सरकवून भाडं पाहिलं. "लय महाग हाय."

"हो, आहे."

त्यांनी बाहेर लागलेल्या पनवेलच्या एसटीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "खालचा बर्थ मिळतो काय बघ. गुडघं दुखतात माझं."