अधीक्षकांनी लॅपटॉपला शिस्त लावली

सकाळी नऊ वाजता बाईंनी लॅपटॉप सुरू केला, आणि सव्वानऊ झाले तरी पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या ठिपक्यांखेरीज काही आलं नव्हतं. अकरा वाजता त्यांची पीएच.डी.ची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या काचपट्ट्या पुसून झाल्यावर त्यांनी स्वतःचा विषय घेतला होता: भिंतीवरचं शेवाळ. सात वर्षं शहरातल्या भिंती भिंगातून बघत त्या हिंडल्या आणि चारशे पानांचा प्रबंध लिहून मोकळ्या झाल्या. परीक्षकांच्या कुठल्याच प्रश्नाला आपण अडणार नाही, याची त्यांना खात्री होती. अडला होता तो लॅपटॉप.

"मी बघू जरा?" त्यांच्या यजमानांनी विचारलं.

"नको."

"अगं, यंत्र आहे ते. समोर कोण बसलंय हे यंत्राला बरोबर कळतं."

"म्हणूनच नको म्हणतेय."

यजमानांना सगळी गल्ली 'अधीक्षक' म्हणत असे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी त्यांना दुसरं नाव चिकटलं नव्हतं. एका मोठ्या कार्यालयात त्यांनी आस्थापना शाखा सांभाळली होती. कोण जागेवर आहे, कोण नाही, आणि कोण जागेवर असून नसल्यासारखा आहे, हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बाई अंघोळीला गेल्या आणि ते खुर्चीत बसले.

कुठल्याशा पुरवणीत त्यांनी टास्क मॅनेजरबद्दल वाचलं होतं. तीन कळा एकदम दाबायच्या, की लॅपटॉपच्या पोटात काय चाललंय त्याची यादी उघडते. त्यांनी कळा दाबल्या. बऱ्याच वेळानं यादी उघडली. त्यांनी चष्मा पुसला आणि मोजायला सुरुवात केली. बॅकग्राउंडला एकशे त्रेचाळीस जण होते. प्रत्येकाच्या पुढे तो किती काम करतोय त्याचा आकडा होता. शून्य. शून्य. शून्य. पुढेही शून्यच.

अधीक्षकांना एकाच वेळी धक्का बसला आणि आनंद झाला. हे दृश्य त्यांच्या ओळखीचं होतं. चार-दोन जण राबताहेत आणि बाकीचे सह्या करून चहाला गेलेत. शिवाय इथे प्रत्येकाला घरी पाठवायला एक बटण होतं. नोकरीत असताना साधं कारणे दाखवा पत्र काढायचं तर सहा सह्या लागायच्या. इथे एक टिचकी पुरत होती.

त्यांनी प्रिंटरवाल्याला काढलं, कारण आज काही छापायचं नव्हतं. आवाजवाल्याला काढलं. नावावरून काही बोध न होणाऱ्या तिसेक जणांना काढलं. मग 'एक्स्प्लोरर' नावाचा एक जण दिसला. "हा नुसता हिंडत असणार," असं पुटपुटत त्यांनी त्यालाही काढलं. त्यासरशी पडद्यावरची सगळी चित्रं आणि खालची पट्टी नाहीशी झाली.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्याच कंपनीत होती.

"बाबा, आई कुठंय? शुभेच्छा द्यायच्यात."

"तयार होतेय. मी लॅपटॉपची जरा झाडाझडती घेतोय."

मुलीनं शुभेच्छा बाजूला ठेवल्या.

"काय काय बंद केलंत?"

"फार नाही. तीस-पस्तीस. आता एक हिंडणारा काढला तर सगळं दफ्तरच गायब झालं बघ."

मुलीनं शांतपणे एकेक अक्षर सांगून 'एक्स्प्लोरर'ला परत बोलावून घेतलं. चित्रं जागेवर आली. "आता मी मीटिंगमधून सुटेपर्यंत कशालाही हात लावू नका," असं बजावून तिनं फोन ठेवला.

अधीक्षकांनी पाच मिनिटं हाताची घडी घालून काढली. सहाव्या मिनिटाला त्यांना यादीत असा एक जण दिसला, की त्याच्या नावावर टिचकी मारताच लॅपटॉपनंच दम दिला: याला बंद केलंत तर सगळी सिस्टिम बंद पडेल. असल्या धमक्या त्यांनी पुष्कळ पचवल्या होत्या. 'मी गेलो तर ऑफिस बंद पडेल' असं म्हणणाऱ्या एका रोखपालाची त्यांनी बदली केली होती आणि ऑफिस छान चाललं होतं. त्यांनी बटण दाबलं.

पडदा निळा झाला. त्यावर एक रडवेला चेहरा उमटला. मग अंधार, मग पुन्हा ते फिरणारे ठिपके, आणि त्यांच्याखाली ओळ: अपडेट चालू आहे, बारा टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका.

बाई केस पुसत बाहेर आल्या. "हे काय?"

"अपडेट होतंय. आपलं आपणच."

"मघाशी नव्हतं होत."

"आता होतंय ना? म्हणजे सुधारणाच."

बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. त्या रागावल्या नाहीत. शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि टक्क्यांकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर अधीक्षकांना बरं वाटलं असतं. "फोनवरून देता येणार नाही का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझे साठ फोटो आहेत. फोनवर शेवाळ म्हणजे नुसता डाग दिसतो."

दहा चाळीसला अपडेट संपलं. लॅपटॉप उघडला, पण पहिल्यासारखाच कण्हत. त्याच वेळी मुलीचा फोन आला. निळ्या पडद्याची हकीगत अधीक्षकांनी कशीबशी दोन वाक्यांत सांगितली.

"यादी उघडलीत? आता 'सीपीयू' लिहिलंय त्या मथळ्यावर क्लिक करा. जो सगळ्यात जास्त खातोय तो वर येईल."

अधीक्षकांनी मघाशी यादी हजेरीपटासारखी अक्षरवारीनं वाचली होती. कामाप्रमाणे लावता येते हे त्यांना सुचलंच नव्हतं. मथळा दाबताच तीन नावं उसळून वर आली, ती त्यांनी मोठ्यानं वाचली: तेजगती, पीसी सफाई आणि टर्बो मित्र.

"हे तिघं कोण, बाबा?"

अधीक्षकांनी घसा साफ केला. "माझे आहेत."

"तुमचे म्हणजे?"

"मीच नेमलेत. लॅपटॉप हळू झाला म्हणून पहिल्याला घेतलं. तरी हळूच, म्हणून दुसऱ्याला. मग तिसऱ्याची फार शिफारस होती."

"तिघंही लॅपटॉप वेगवान करतो म्हणून दिवसभर एकमेकांच्याच फायली तपासत बसलेत. सगळा वेळ त्यातच चाललाय."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. तपासणीची तपासणी अधीक्षकांच्या परिचयाची होती. त्यांच्या शाखेत तिच्यासाठी वेगळं कपाट होतं.

"आणि ते शून्यवाले?" त्यांनी विचारलं.

"ते वाट बघत बसलेत. हाक मारली की उठतात. शून्यच असायला हवं त्यांचं."

"अरेरे," अधीक्षक मनापासून म्हणाले. "मघाशी काढलेल्यांचं काय गं आता?"

"लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर सगळे परत रुजू झालेत."

तिघा शिफारसवाल्यांना मुलीनं फोनवरूनच कायमचं काढायला लावलं. बाईंचे चाळीस हजार फोटो मागच्या मागे इंटरनेटवर कुठेतरी चढत होते, तेही संध्याकाळपर्यंत थांबवले. दहा छप्पन्नला लॅपटॉपनं असा काही वेग घेतला, की बाईंनी पडद्यावरचा बाण हलवायच्या आधीच परीक्षेची खिडकी उघडल्यासारखी वाटली. "तुम्ही बाहेर स्टुलावर बसा," त्यांनी यजमानांना सांगितलं. "आणि खोकलासुद्धा दाबून खोका."

मुख्य परीक्षक भारी कडक म्हणून प्रसिद्ध होते. परीक्षेच्या चौथ्या मिनिटाला, नेमका प्रश्न विचारताना, ते उघड्या तोंडानिशी पडद्यावर गोठले. थोड्या वेळानं बाईंच्या फोनच्या स्पीकरवर त्यांचा आवाज आला. "माफ करा. माझा लॅपटॉप जरा जुना आहे. हल्ली फार छळतो."

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी डोळे मिटले.

"सर, नमस्कार," अधीक्षक दारातूनच म्हणाले. "कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. यादी येईल. घाई नको."

"आपण कोण?"

"मी यांच्या घरचा. आली यादी? आता सीपीयूचा मथळा दाबा. शून्यवाल्यांना हात लावायचा नाही सर, गरीब माणसं आहेत ती. सगळ्यात वर कोण बसलंय?"

परीक्षकांनी एक नाव वाचलं. थांबून म्हणाले, "हे बहुतेक मीच टाकलंय. गती वाढते असं लिहिलं होतं."

"असू दे सर. चांगल्या हेतूनंच टाकलं असणार."

या कामात बावीस मिनिटं गेली. परीक्षकांना बारा वाजता दुसरीकडे जायचं होतं, त्यामुळे त्यांनी एकच मोठा प्रश्न विचारला: ऐन उन्हाळ्यात भिंतीवर तपकिरी पडलेल्या शेवाळाला तुम्ही मेलेलं का म्हणत नाही?

बाईंनी एकही फोटो न उघडता अठरा मिनिटं उत्तर दिलं. ते मेलेलं नसतं, त्यानं काम थांबवलेलं असतं, आणि पाण्याचे चार थेंब पडले की काही मिनिटांत ते पुन्हा हिरवं कसं होतं, हे त्यांनी मोजमापांसकट सांगितलं. बाहेर स्टुलावर अधीक्षक मान डोलवत होते. परीक्षकांनी वही मिटली आणि पदवीची शिफारस तिथल्या तिथे करून टाकली.

त्या संध्याकाळी बाईंनी सर्वांत आधी लॅपटॉपचा पासवर्ड बदलला, आणि मग शेजारणीला आनंदाची बातमी सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांचा फोन आला. काही राहून गेलं की काय, या विचारानं बाईंनी धावत जाऊन तो घेतला.

"अभिनंदन पुन्हा एकदा," परीक्षक म्हणाले. "साहेब आहेत का घरी? आमच्या विभागप्रमुखांचा लॅपटॉपही तसाच झालाय. ते शेजारीच बसलेत."

अधीक्षकांनी फोन घेतला, पाठ सरळ केली आणि विभागप्रमुखांना अर्धा तास पायरीपायरीनं मार्गदर्शन केलं. शेवटी एका ठिकाणी गाडी अडली. "ते बटण मला सापडत नाही," विभागप्रमुख म्हणाले. "तुमच्याकडचा लॅपटॉप उघडून नेमकी जागा सांगता का?"

अधीक्षकांनी टेबलावरच्या मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

"तेवढं मात्र जमायचं नाही," ते रुबाबात म्हणाले. "तो लॅपटॉप डॉक्टरबाईंच्या अखत्यारीत येतो. आपण तसा रीतसर अर्ज पाठवा, मी त्यांच्यापुढे ठेवतो."