चार हजार आशा आणि एक रिकामा ट्रे

निवडणूक कशी जिंकायची हे अख्ख्या भोपाळमध्ये एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस सरकारी कारखान्याच्या भरती विभागात हेडक्लार्क आहे, असं दिगंबरराव सरवटे स्वतःच सगळ्यांना सांगत!

त्या वर्षी त्यांना गिऱ्हाईकही मिळालं. सत्ताधारी पक्षाचे उमेदवार तिवारीजी इंद्रपुरीच्या नाक्यावर तोंड पाडून चहा पीत बसले होते.

"सरवटेजी, सरकार ने सौ नौकरियाँ निकालीं, फिर भी हवा नहीं बन रही!"

"बनेगी कैसे?" दिगंबररावांनी खुर्ची पुढं ओढली. "नौकरी सौ घरों को मिलेगी, पर अर्ज़ी तो चार हज़ार घरों ने दी है! वोटिंग तक नियुक्ति-पत्र रोक दीजिए. जब तक चिट्ठी नहीं आती, हर घर समझेगा कि अपना लड़का लग गया!"

तिवारीजींनी कप खाली ठेवला. "क्या दिमाग पाया है! बोलिए, आपको क्या चाहिए?"

दिगंबररावांना हवं होतं ते क्वार्टर. एप्रिलमध्ये ते रिटायर होणार आणि त्या दिवशी कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागणार. सव्वीस वर्षांचा संसार होता तिथं. सुमित्राबाईंनी अंगणात लावलेलं लिंबाचं झाड नुकतंच धरायला लागलं होतं. मुलगा विजय कारखान्यात लागला, तरच ते क्वार्टर त्याच्या नावावर होणार होतं. आणि विजयचाही अर्ज त्या चार हजारांत होताच.

"विजय का तो हो गया समझिए!" तिवारीजी म्हणाले.

झालं! शंभर नियुक्तीपत्रांचं सीलबंद पाकीट दिगंबररावांनी कपाटात कोंडलं आणि किल्ली जानव्याला बांधली. आंघोळीलाही ती उतरत नसे.

पण या माणसाला एक जुनं दुखणं होतं. टेबलावरचा ट्रे! बत्तीस वर्षांत शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या ट्रेमध्ये कधी कागद उरला नव्हता. मतदानाआधीच्या शुक्रवारी मात्र तिथं डोंगर होता. निवड न झालेल्यांची एकोणचाळीसशे पत्रं! दिगंबररावांनी कोऱ्या छापील नमुन्यांवर आठवडाभर सह्या ठोकल्या होत्या, टायपिस्टांनी मागाहून नावं भरून पाकिटं बंद केली होती. मसुदा त्यांचा स्वतःचा. "खेद है कि आपका चयन नहीं हो सका." आणि खाली, साहेबांनीही वाखाणलेली ओळ : "हम आपके उज्ज्वल भविष्य की कामना करते हैं."

"काका, ही पण थांबवायची ना?" डिस्पॅचच्या कांचननं विचारलं.

"आपलं ठरलंय ते नियुक्तीपत्रं थांबवायचं! नकाराची वाट कोण बघत बसतं? पाठव, ट्रे मोकळा कर!"

ट्रे मोकळा झाला. दिगंबररावांना त्या रात्री गाढ झोप लागली.

शनिवारी दुपारपासून ते तिवारीजींच्या मांडवात मतदारांना चिठ्ठ्या वाटत होते. संध्याकाळी गर्दी वाढली. लोक हातात कागद घेऊन यायचे, कागदावरची सही बघायचे, मग यांच्याकडे बघायचे.

"सरवटे आप ही हैं?"

"जी हाँ, मैं ही!" दिगंबरराव छाती काढून नमस्कार करायचे. आपली कीर्ती थेट टी. टी. नगरपर्यंत पोचली, याचं त्यांना कोण कौतुक वाटलं! चष्मा घरी विसरल्यामुळे कागद कसला ते काही दिसलं नाही.

निकाल लागला. तिवारीजी असे आपटले, की अनामतसुद्धा गेली! त्यांनी दिगंबररावांना गाठलं.

"जिन सौ को खुश होना था, उनकी चिट्ठी आपकी अलमारी में! और जिन उनतालीस सौ को रोना था, उनको वोटिंग के दो दिन पहले घर बैठे पहुँचा दी! उन सौ ने भी सोचा, अपनी ना भी डाक में होगी! सच बताइए सरवटेजी, आप किस पार्टी के हैं?"

दिगंबरराव घरी आले. सुमित्राबाईंनी पाण्याच्या तांब्याशेजारी एक पाकीट ठेवलं. वर नाव, श्री. विजय दिगंबर सरवटे.

"शनिवारीच आलंय," त्या म्हणाल्या. "सही तुमचीच आहे ना?"

सही त्यांचीच होती. चांगली वळणदार, रेघेसकट!

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सही केलीत, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल! विजय तर जेवलासुद्धा नाही. मग सोमवारी आम्ही दोघं मतदानाला गेलो आणि दिलं ठोकून."

"तिवारीजींना?"

"त्यांना कशाला? विजय म्हणाला, आई, इनको तो हराना ही है!"

लिंबाकडे बघून दिगंबररावांना रडू आलं, अगदी खरंखुरं. मग त्यांनी डोळे पुसले आणि क्वार्टर निदान वर्षभर राहू द्यावं असा अर्ज खरडला. विनंती इतकी हृदयद्रावक, की सुमित्राबाईंनी तो दोनदा वाचून घेतला.

आठवडाभरात उत्तर आलं. क्वार्टर विभागानं नवा मसुदा करण्याची तसदी घेतली नव्हती, भरतीचाच मागवला होता. खेद है, निवेदन स्वीकार नहीं हो सका. आणि खाली, अठ्ठावन्न वर्षांच्या दिगंबररावांसाठी, शेवटची ओळ तशीच ठेवली होती : हम आपके उज्ज्वल भविष्य की कामना करते हैं.