भांग लागू पडली

धाकट्याचं पोट सकाळपासून गप्प होतं, त्यामुळे धाकटा जरा घाबरला होता.

दोघा भावांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोर दोन आरसे. दाराजवळची खुर्ची थोरल्याची, आतली धाकट्याची. आतली अशासाठी, की तिथून संडास जवळ. धाकट्याच्या आतड्याला दोन वर्षं सूज होती. कळ आली की हातातली कात्री टाकून पळायचं, आणि अर्धं डोकं कापलेलं गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघत बसायचं. ते गिऱ्हाईक परत यायचं नाही.

शेवटी थोरला म्हणाला होता, "महिनाअखेरपर्यंत बघू. मग तू गल्ल्यावर बस. खुर्चीला दुसरा माणूस आणतो." बोलला मायेनंच. पण ज्याला केस कापण्यापलीकडे काही येत नाही, त्याला गल्ल्यावर बस म्हणणं म्हणजे घरी बस म्हणण्यासारखंच.

मग डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला भांगेपासून काढलेल्या तेलाचे थेंब लिहून दिले. धाकट्याची बायको दचकली.

"डॉक्टर, हे वस्तरा चालवतात हो!"

"म्हणून फक्त झोपताना, जिभेखाली. सकाळी डोकं जड वाटलं तर वस्तऱ्याला हात लावायचा नाही. आणि नीट ऐका, यानं सूज जात नाही. कळा कमी होतील, झोप लागेल, भूक लागेल. गोळ्या बंद करायच्या नाहीत."

पहिल्या रात्री धाकटा थेंब घेऊन, काय होतंय ते बघत पडून राहिला, आणि काहीच होत नाही असं बायकोला सांगता सांगता वाक्याच्या मध्येच झोपला. सकाळी डोकं चांगलं ठिकाणावर होतं. पुढे कळा हळूहळू बोथट होत गेल्या. आणि आज तर लागोपाठ गिऱ्हाइकं झाली, तरी तो एकदाही उठला नव्हता. दुपारी बायको डबा घेऊन आली. त्याने डबा रिकामा केला आणि विचारलं, "एवढंच आणलंस?"

ती पदराने डोळे पुसत बाहेर गेली आणि तिने थोरल्याला फोन लावला. कारण नवा माणूस पक्का करायला थोरला आजच बाजारात गेला होता.

"भाऊजी, यांना भांग लागू पडली!"

थोरला चष्मेवाल्याच्या दुकानात उभा होता. "काय? भांग लागून पडला?"

बाजाराच्या गलक्यात तिला जे हवं होतं तेच ऐकू आलं. "हो ना! मी तर आशाच सोडली होती!"

"आहे कुठे तो?"

"दुकानातच! मास्तरांची दाढी करतायत. मास्तर तर हलतसुद्धा नाहीयेत!"

पुढे ती 'नव्या माणसाला नको म्हणून सांगा' असं सांगत होती, पण ते ऐकायला थोरला फोनवर नव्हता.

"धाकटा भांग पिऊन पडला," तो चष्मेवाल्याला म्हणाला. "हातात वस्तरा होता. समोर मास्तर." आणि धावत सुटला. वाटेत ज्यांनी ज्यांनी काय झालं म्हणून विचारलं, ते उत्तरासाठी मागोमाग धावले.

सगळे दारात पोचले तेव्हा धाकट्याचा वस्तरा मास्तरांच्या गळ्यावर होता.

"वस्तरा खाली ठेव!"

"दादा, मास्तरांचा गळा तेवढा..."

"तेच म्हणतोय मी, गळा सोड त्यांचा!"

मास्तर फेसातून फक्त ओठ हलवत म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

थोरल्याने भावाच्या पापण्या वर ओढल्या. "ही बोटं किती?"

"दादा, त्या हातात पिशवी आहे."

"सरळ चालून दाखव."

दुकान ते केवढं. धाकटा दोन पावलं चालला आणि भिंत आली.

"धडकला बघा!" मागून एक मिशीवाला ओरडला. "आणि चेहरा बघा किती खूश! नशाच ती!"

"अहो, जेवलोय मी!"

बायको गर्दीतून वाट काढत पुढे आली. "भाऊजी, मी म्हटलं लागू पडली. लागू!"

"तेच ना! लागून पडला!"

"ला-गू. औषध लागू पडतं तशी!"

मास्तरांनी टॉवेलने फेस पुसला आणि थोरल्याकडे वळून बघितलं.

"म्हणजे मागे मी 'थोडेच कापा' म्हटलं, तेव्हा तुम्ही 'थोडेच ठेवा' ऐकलंत?"

"आणि मला एका बाजूची मिशी बारीक का करून दिलीत, ते आत्ता कळलं," मिशीवाला म्हणाला.

थोरला बाकावर बसला. "मला वाटायचं, हल्ली लोकच हळू बोलतात."

धाकटा त्याच्या कानाजवळ वाकला. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर. आता मला लांब जाता येतं."

थोरला उठला, आतल्या खुर्चीत जाऊन बसला आणि हनुवटी वर केली. "कर माझी दाढी. नव्या माणसाला नको म्हणून कळवतो."

धाकट्याने फेस लावला. पळून दमलेला थोरला, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, बघता बघता घोरायला लागला.

एवढ्यात भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स दाराशी थांबली. सगळे दचकले, थोरल्याची पापणीही हलली नाही. दोघेजण स्ट्रेचर घेऊन आत घुसले. त्यांच्या मागून चष्मेवाला धापा टाकत आला.

"मीच बोलावली! कुठाय तो?" आणि खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाकडे बघून त्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा, तोंडाला फेस आलाय! उचला, उचला!"

दोघांनी थोरल्याचे पाय धरले. धाकटा वस्तरा घेऊन मध्ये उभा राहिला.

"जरा थांबा हो," तो म्हणाला. "अजून एक गाल राहिलाय."