दामूकाका आणि राणीची सीट

दामूकाका तांडेल मोटारगाडी काढण्याआधी भरती-ओहोटी बघतात. गाडी डांबरी रस्त्यावरून बोईसरला जाणार असते, पण मुरब्याच्या किनाऱ्यावर जाऊन, कमरेवर हात ठेवून खाडीच्या तोंडाकडे बघून आल्याशिवाय काका किल्लीला हात लावत नाहीत. गाडीला भरतीचं काय, असं मी एकदोनदा विचारून पाहिलं. "पानी बघून निंगालेला बरा, भाऊ," एवढंच उत्तर मिळालं. शेजारी म्हणून मी तो नाद सोडून दिला.

काकांनी उभा जन्म समुद्रात काढला. पुढे गुडघे बोलू लागले, खलाशी मिळेनात, तेव्हा त्यांनी बोट विकली. बोट विकलेला माणूस घरात नुसता अडगळ होतो. काकाही झाले. दिवसभर अंगणात बसून ते हिराकाकींना स्वयंपाकातल्या चुका सांगायचे. पुढे काकींनी वैतागून त्यांना आपल्यासोबत मासळी पोचवायला न्यायला सुरुवात केली, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

मनोरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या संस्थानिकांचा बंगला आहे. सणासुदीला त्यांच्याकडे पापलेट जातं ते हिराकाकींचं. काकी स्वयंपाकघरात तोलत असताना काका मागच्या बाजूला भटकले आणि त्यांना ताडपत्रीखाली ती गाडी दिसली. विलायती, दुधी रंगाची, बिनछपराची, दोनच सीटांची. तिथून घरी आले ते जेवलेच नाहीत.

आठवडाभरात ते गाडी विकत मागायला मला घेऊन परत तिकडे गेले. मी बोईसरला कारखान्यात स्टोअर सांभाळतो, म्हणजे मला इंग्रजी येत असणार आणि राजेलोकांशी इंग्रजीतच बोलावं लागत असणार, असा त्यांचा हिशोब. बंगल्यातल्या वयस्कर बाईसाहेब माझ्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलल्या. मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो.

गाडीची हकीकत बाईसाहेबांनीच सांगितली. त्यांच्या सासऱ्यांनी लग्नानंतर हौसेनं ती परदेशातून मागवली, नव्या राणीला शेजारी बसवून फिरवायला. पण राणीसाहेब पडद्यातल्या, आणि गाडीला छप्परच नाही. थोरल्यांनी साफ मनाई केली. राजेसाहेबांनी एकट्यानं बंगल्याभोवती दोनचार फेऱ्या मारल्या, एकट्यानं काय फिरायचं म्हणाले, आणि गाडीवर ताडपत्री पडली. त्यानंतर ती फक्त अधूनमधून चालू करून बंद करायचे. शेजारच्या सीटवर कधीच कोणी बसलं नाही. तिचं चामडं आजही कोरं होतं.

मुंबईची बडी गिऱ्हाईकं येऊन गेली होती. कोणाला ती काचेमागे ठेवायची होती, कोणाला मुलाच्या लग्नात मिरवायची होती. बाईसाहेब प्रत्येकाला एकच विचारत असत, शेजारी कोण बसणार. काकांनाही विचारलं. काका जमिनीकडे बघत म्हणाले, "आमची हिरा बसंल. तुमाला मावरं देते ती."

गाडी काकांना मिळाली. केवढ्याला, ते विचारू नका. मलाही सांगितलेलं नाही. बोटीचे आलेले पैसे त्यात गेले एवढं मात्र सगळ्या गावाला कळलं.

गाडी टेंपोवर चढून मुरब्याला आली आणि नवी बोट आल्यासारखं तिचं स्वागत झालं. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, पुढे बावटाही बांधला गेला. काका गाडीत डावं-उजवं म्हणत नाहीत. दर्याकडे घेतली, डोंगराकडे घेतली, असं म्हणतात. पावसाळा आला की गावातल्या बोटी ओढून शाकारतात, तशी बांबू आणि नारळाची झापं लावून हीसुद्धा शाकारली जाते, आणि नारळी पौर्णिमेआधी बाहेर काढायचं नाव नाही. बोईसरच्या मेकॅनिकनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाचा, इसको चलाना है या पालना है?" काकांनी त्याला घरी नेऊन सुकं बोंबील खायला घातलं. आता तोही गाडीला हात लावण्याआधी पाया पडतो.

एवढं सगळं झालं, पण ज्या माणसासाठी गाडी आणली ते माणूस तिच्यात बसेना.

हिराकाकी रोज सकाळी फडक्यानं ती सीट पुसायच्या. बाहेर उभं राहून, वाकून, लेकराचं तोंड पुसावं तशी. पण बस म्हटलं की मागे सरायच्या. "मावऱ्याचा वास लागंल त्या गादीला," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आंघोळ करून, गजरा माळून बस, असंही काका म्हणून बघायचे. काकी म्हणायच्या, वास काय साबणानं जातो होय?

यामागे एक गोष्ट होती. ती मला माझ्या बायकोकडून कळली आणि काकांना बोट विकल्यावर. कधीकाळी बोईसरच्या रस्त्यावर काकी शेअर रिक्षात बसल्या होत्या. टोपली पायाशी, रिकामी. एका बाईनं नाकाला रुमाल लावला, दुसरीनं रिक्षावाल्याला सांगितलं, आणि काकींना अर्ध्या वाटेत उतरवलं. त्यानंतर काकी माणसांच्या वाहनात बसल्याच नाहीत. टोपल्यांच्या टेंपोत, मागे, टोपल्यांबरोबर उभ्या राहून जाऊ-येऊ लागल्या. नवरा समुद्रावर, त्याला कोण सांगणार? काकांना हे समजलं तेव्हा ते बराच वेळ माझ्या ओट्यावर बसून होते. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं, आणि पुढे बिनछपराच्या गाडीवरच त्यांचा जीव का अडकला तेही उमगलं. तिच्यात शेजारी बसलेल्या काकी अख्ख्या रस्त्याला दिसणार होत्या.

मग मुंबईचा एक गाडीवेडा शेठ मुरब्यापर्यंत येऊन पोचला. गाडीभोवती प्रदक्षिणा घालून तो त्या कोऱ्या सीटपाशी थांबला. म्हणाला, सगळी किंमत हिची आहे. हिला डाग नको, वास नको, मी रविवारी येतो, म्हणाल ते देतो. काकांनी पानी बघून सांगतो म्हणून त्याला वाटेला लावलं. पण काकींनी ते धरून ठेवलं. संध्याकाळी त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "इकूं दे गो. बोट येईल परत. बोटीबिगर ह्यांचा जीव रमत नाय, मला दिसतं ना." म्हणजे त्या सीट पुसत होत्या ती नवऱ्याची बोट परत यावी म्हणून, आणि नवऱ्यानं बोट घालवली होती ती त्यांना सीटवर बसवावं म्हणून. दोघंही एकमेकांना यातलं अक्षर बोलत नव्हती. असल्या जोडप्याच्या शेजारी राहणं सोपं नाही.

शनिवारी मी कामावरून सुटून बोईसरच्या बाजारात मासळी घेत होतो. हिराकाकींची जागा ठरलेली. टेंपो बंद पडल्याचा निरोप आला होता. इतर बायका रिक्षांत बसून गेल्या. काकी टोपली आवरून चालतच निघायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात भर बाजारात, भाजीवाले नि हातगाड्या हटवत, बावट्यासकट ती दुधी गाडी येऊन उभी राहिली. मुरब्यात कोणीतरी टेंपोचं सांगितलं असणार.

काकांनी पलीकडचं दार उघडलं. काकी जागच्या हलल्या नाहीत. उद्या शेठ येणार आहे, त्या हळू म्हणाल्या, अंगाला सगळं मावरं लागलंय, तुमी जा, मी येते चालत. लोक जमू लागले. मीही टोपली गाडीच्या मागे ठेवू या वगैरे मध्यममार्ग सुचवू लागलो. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी काकींच्या हातातली टोपली घेतली. तिच्यात खाली बर्फाचं आणि बोंबलांचं पाणी साचलेलं होतं. ते सगळं त्यांनी शांतपणे त्या सीटवर ओतलं. राणीसाहेब जिच्यावर कधी बसल्या नाहीत त्या कोऱ्या चामड्यावरून पाणी ओघळून खाली आलं.

"लागला वास," काका म्हणाले. "आता बस."

काकी बघत राहिल्या. "बोट गेली ना तुमची," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"बोट घेऊन कुटं जाऊ? तिच्यात तू नसायचीस."

काकींनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरानं सवयीनं सीट पुसायला वाकल्या. काकांनी त्यांचा हात धरला. मग त्या बसल्या, ओल्या सीटवर, टोपली मांडीवर घेऊन, ताठ. बोईसरच्या बाजारातून गाडी निघाली तेव्हा कोणी नाकाला रुमाल लावला नाही. आणि लावला असता, तरी काकींचं लक्ष नव्हतं. त्या काकांकडे बघत होत्या. मी रिक्षानं घरी आलो.

रविवारी शेठनं सीटचा वास घेतला आणि दोन पावलं मागे सरला. तो माणूस वाईट नव्हता. मुंबईत एक कारागीर आहे, तो चामड्यातला कसलाही वास काढतो, असं त्यानं सांगितलं. काका हसले.

"काडील तो," ते म्हणाले. "पन ही रोज बसनार हाय."