खिडकीच्या आतली खुर्ची

घोडबंदर रोडवरील एका टोलेजंग इमारतीत सुरक्षारक्षकाची एकच जागा रिक्त होती आणि कल्याणातील एकाच चाळीतले दोन शेजारी, सहदेव व त्र्यंबक, तिच्यावर डोळा ठेवून होते. सरकारी दवाखान्यातून तंदुरुस्तीचा दाखला त्या दिवशी जो प्रथम आणील, त्याची नेमणूक निश्चित होती.

सहदेव पत्नी कल्पितासह पहाटेच रांगेत उभा राहिला, तरी त्याच्या पुढे लांबलचक रांग होती आणि तीत त्र्यंबकही होता. चार खिडक्यांपैकी तीन बंद होत्या. तेथील कर्मचारी कसल्याशा सर्वेक्षणास गेले होते. चौथ्या खिडकीतील निशा मॅडम केसपेपर काढीत, मध्येच उठून रक्ताचे अहवाल देत आणि मग औषधांच्या खोलीचे कुलूप उघडावयास जात. संगणक तर सोमवारपासून निद्रिस्त होता.

चहा पिऊन परतलेल्या सहदेवाचे अंतःकरण एकाएकी पोळून निघाले. त्र्यंबक खिडकीच्या आत, पंख्याखाली, खुर्चीवर बसून केसपेपर लिहीत होता!

"कल्पिता, हा आत कसा घुसला गं?"

"मॅडम बोलल्या, कोणाला नीट लिहिता येतं? त्यांनी हात वर केला. तुम्ही चहाला गेलेलात."

"त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात! शाळेत बक्षीस मला मिळालेलं!"

"मिळू दे हो. गप उभे राहा, आपला नंबर येईल."

परंतु मत्सराने ग्रासलेला मनुष्य गप उभा राहू शकत नाही. तो थेट खिडकीशी गेला. "मॅडम, हे अक्षर डॉक्टरांना वाचता येणार तरी का? माझं बघा." त्याने कागदावर सुवाच्य अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले.

"अरे वा, छापल्यासारखं!" मॅडम हरखल्या. "या, तुम्ही बसा."

त्र्यंबक निमूटपणे उठला. "बस बाबा. माझा तेवढा पेपर काढून दे."

"हो, त्यांचा आधी काढा. तासभर राबलेत ते," मॅडम म्हणाल्या. "मग तुमचाही काढून घ्या."

त्र्यंबकाचा पेपर सहदेवाने मुद्दाम अतिशय वळणदार लिहिला. त्याला स्वतःची पायरी कळावी! मग तो मान ताठ करून म्हणाला, "माझा नको, मॅडम. मी असा मधे घुसणारा नाही. माझी बायको रांगेत आहे, नियमाने येईल."

लोक त्याला "साहेब" म्हणू लागले. आठवीनंतर प्रथमच त्याच्या अक्षराला मान मिळत होता. त्या धुंदीत तो मान वर न करता लिहीत राहिला. बाराचे टोल पडले. मॅडमनी शिक्का खणात घालून कुलूप लावले.

"पुढे कोण आहे? वेळ संपली, उद्या या!" सहदेव गरजला.

"उद्या या? अहो, तुमचाच पेपर आहे!"

खिडकीबाहेर कल्पिता उभी होती. सहदेवाने खणाकडे पाहिले. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरही निघून गेले होते.

तेवढ्यात दाखला फडकवीत त्र्यंबक आला. "सहदेवा, डॉक्टर बोलले, आज पहिल्यांदा केसपेपर वाचता आला! लगेच सही केली. चलतो, गाडी पकडायची आहे."

कल्पिताने कपाळावर हात मारून घेतला. निशा मॅडम मात्र हसून म्हणाल्या, "काका, उद्या आठला या हं. खुर्ची तुमचीच."

दूर जाणाऱ्या त्र्यंबकाकडे पाहत सहदेवाने हळूच विचारले, "ह्याला नाही ना बोलावलंत?"