बाबा आत, मशीन बाहेर

बाबा आंघोळीला गेले तेव्हा वॉशिंग मशीन भिंतीशी होतं. ते बाहेर यायला निघाले तेव्हा मशीन बाथरूमच्या दाराला टेकून उभं होतं. दार बाहेर उघडणारं, बोळ अरुंद आणि मशीनच्या पोटात ओलीगच्च ब्लँकेटं.

"अगं, दार कोणी लावलं?" आतून आरोळी आली.

लेक धावली. तशी ती सकाळपासून बाबांच्याच मागावर होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स घ्यायचं की कॉम्प्युटर, हे दुपारपर्यंत कॉलेजला कळवायचं होतं. तिला फिजिक्स हवं होतं, पण बाबांच्या मनाविरुद्ध नको होतं. आणि बाबांची खोड अशी, की "फिजिक्स करून पुढे काय?" एवढं विचारायचं आणि उत्तराच्या दुसऱ्या वाक्याला चपला शोधायला उठायचं. आठवडाभर हेच चाललं होतं.

मायलेकींनी जोर लावून पाहिला. मशीन ढिम्म.

"थांब आई, जसं आलं तसंच परत जाईल," म्हणत लेकीने कपडे पिळायचं बटण दाबलं. मशीनला हुडहुडी भरली.

"अगं, इकडेच येतंय!" बाबा ओरडले. दार खडखडलं, आतल्या फळीवरचं काहीतरी खाली पडलं. ते बाबांच्या पायावर पडलं हे आवाजावरून कळलंच.

लेकीने घाईघाईने मशीन बंद केलं आणि जमिनीवर पालथी पडून मशीनखाली पाहू लागली. "बाबा, जरा विचार करावा लागेल. तोवर बोलू का?"

उठून जायला जागा नव्हती आणि चपलाही बाहेर होत्या.

"बोल," बाबा म्हणाले. "फिजिक्स करून नोकरी कुठे लागते?"

"कॅन्सरच्या पेशंटला किरण किती द्यायचे हे ठरवायला हॉस्पिटलात फिजिक्सवाले लागतात. हवामान खात्यात लागतात. पूल किती हलतो हे बघायला लागतात."

"मशीन हलतं ते बघायला नाही लागत?"

"तेच बघतेय! प्रत्येक वस्तूची थरथरायची आपली एक गती असते. फिरणारा ड्रम नेमका त्या गतीला आला, की सगळं मशीन उसळतं."

"म्हणजे आपला पंखा तीनवर ठेवला की खडखडतो, तसं?"

"अगदी तसं!"

"मग पाचवर का नाही खडखडत?"

लेक उठून बसली. बाबांनी प्रश्न विचारला होता आणि उत्तरासाठी थांबलेही होते. दाराला तोंड लावून तिने पंखा समजावला, मग पूल, मग पुढचं शिक्षण, मग पगारसुद्धा. बाबा मधूनमधून शिंकत होते, पण "पुढे?" म्हणत होते.

"आता त्यांना बाहेर काढ," आई म्हणाली. "सर्दी होईल."

"दाराकडची बाजू खाली आहे, म्हणून ते तिकडे सरकतंय. तिथे पायाखाली काहीतरी घालायला हवं."

आईने गाऊनच्या खिशातून पुठ्ठ्याची जाड घडी काढून दिली. दोघींनी मशीन कलतं करून ती पायाखाली सरकवली. बटण दाबताच मशीन हुडहुडत, डुलत आल्या वाटेने परत निघालं.

टॉवेल गुंडाळलेले बाबा बाहेर आले. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग लेकीकडे. "कॉलेजला फिजिक्स कळव," ते म्हणाले. "आणि संध्याकाळी तो पंखा बघू." मग शिंकत ते कपडे घालायला गेले.

लेक आनंदाने आईच्या गळ्यात पडली आणि एकदम थबकली. "आई, ती घडी तुझ्या खिशात कशी?"

"सकाळी मशीनखालून मीच काढली. ती नसली की मशीन दाराकडे सरकतं, दरवेळी बघते मी."

"आई!"

"हळू बोल," आई म्हणाली. "मशीन त्यांना दोन मिनिटं अडवेल असं वाटलं होतं गं. इतकं मनावर घेईल असं नव्हतं वाटलं."