टोपड्यातले तीन शेर तांदूळ

"आठ दिवसांत शंभर पोरांची जन्माची वजनं काढतो!" असं पोस्टकार्ड अभिमनने धुळ्याच्या कॉलेजातल्या सरांना ठोकून दिलं, तेव्हा त्याच्या वहीत एकही वजन नव्हतं! साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. मूल जन्मताना केवढं होतं, आईबापांची अंगकाठी कशी आणि पाचव्या वर्षी ते फुगतं का, हे त्याला साक्री तालुक्यातल्या या गावात शोधायचं होतं. आजची वजनं काट्यावर मिळाली. जन्माची कोण सांगणार? सगळी बाळंतपणं घरीच झालेली! सरांनी बजावलं होतं, जन्माचं वजन नाही तर काम बंद.

तीन महिन्यांत त्याच्या खोलीत पालीशिवाय कुणी आलं नव्हतं. बोलायला एक म्हातारी सुईण झुंबरबाई. अलीकडे बाया दवाखान्यात जात, तिच्याकडेही कुणी फिरकत नसे. घरमालकीण मंजुळाअक्कांचा गोलमटोल नातू निंबा दिसला, तशी झुंबरबाई म्हणाली, "हाऊ व्हयना तव्हय दोन शेर. उंदीरनं पिल्लू! आते दखा, कांदास्नी गोणी!"

"आमनं घराणंच असं," अक्का फणकारल्या. "हवा खाधी तरी आंगले लागस!"

अभिमन उडालाच. गावातली सगळी पोरं हिच्याच हातांत जन्मलेली आणि वजनं तोंडपाठ! म्हातारीचा हात म्हणजे काटा! पण काटा आधी तपासायला हवा. तो पिशवीत तांदूळ मोजून घेऊन गेला. झुंबरबाईने हात मागे घेतले.

"पिशवी माले समजस नई. लेकरूनामायक बांधी आन!"

त्याने तांदूळ जुन्या धोतरात गुंडाळले आणि अक्कांकडे निंबाचं जुनं टोपडं मागितलं.

"कोणासाठी रे, भाऊ?"

"कामाला लागतं, अक्का."

झालं! बिनलग्नाचा अभिमन रोज संध्याकाळी टोपड्यातलं गाठोडं छातीशी धरून सुईणीकडे! सोमवारी दोन शेर, मंगळवारी चार, बुधवारी पुन्हा दोन. ओट्यांवरच्या बायांचा जीव खालीवर.

"काल कसं भरेल व्हतं, आज सुकाई गयं! दूध पाजस का नई?"

शुक्रवारी दार वाजलं. अक्कांच्या मागे अख्खी गल्ली! डिंकाचे लाडू, झबली, शेळीचं दूध! अभिमनला वाटलं, अभ्यासाचं महत्त्व पटलं लोकांना! त्याने लाजत चहा टाकला.

गाठोडं उचलून अक्कांनी विचारलं, "येनी माय कोठे शे?"

"माय कसली, अक्का? साक्रीच्या बाजारातून विकत आणलं. चांगलं तीन शेर आहे!"

अक्का मटकन खाली बसल्या. घाईघाईने गाठ सोडली आणि मुठीत आले तांदूळ!

कुणी हसलंही नाही. लाडू गेले, झबली गेली, दूध गेलं. टोपडंही गेलं. चहा तेवढा उरला, अकरा माणसांचा. खानावळीत तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून त्याने खोलीतच खिचडी टाकली.

दुसऱ्या संध्याकाळी तो तेच गाठोडं घेऊन मुद्दाम लांबच्या गल्लीने गेला. एकाही ओट्यावर मान वर झाली नाही.

झुंबरबाईने गाठोडं हातांत झुलवलं. "पावणेतीन शेर."

"तीन, आजी! मी स्वतः मोजलेत."

"पावणेतीन."

संपलं! काटा खोटा, काम बंद, उद्याची पहिली एस्टी. तो उठला.

"रातले काय खाधं रे, भाऊ?"

"खिचडी..."

"तांदूळ कोठला?"

अभिमन परत खाली बसला. एवढा मोठा शोध! धावत जाऊन सांगावा, असं गावात दुसरं कुणीच नव्हतं. त्याने वही उघडली आणि लिहिलं: "झुंबरबाईंचा हात बिनचूक. घट पावशेर. कारण, संशोधकाला भूक लागली होती."